ड्युअल बूट करायला गेलो आणि विंडोजही गेलं! (सुटलं, शेवटचे प्रतिसाद बघा)

धडपड्या, रात्री ११:५२

लोकहो, हात थरथरतायत, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लॅपटॉपवर विंडोज ११ होतं. सोबत लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं (यालाच ड्युअल बूट म्हणतात). एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सगळं केलं: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह १०० जीबीने आकसवला, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय, बंद केलं, 'लेगसी सपोर्ट' चालू केला, पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. रिकाम्या जागेत पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) केलं, इन्स्टॉल दाबलं. पट्टी अगदी शेवटापर्यंत गेली आणि मग एक चौकट आली: ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम उघडून देणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करता आला नाही, 'फेटल एरर'. ओके सोडून दुसरं बटण नव्हतं. दाबलं. रीस्टार्ट केलं.

आता काळ्या स्क्रीनवर एकच ओळ येते: 'नो बूटेबल डिव्हाइस'. मिंट नाही, विंडोज नाही, काहीच नाही. प्रोजेक्टचं सगळं काम त्यात आहे. बॅकअप नाही (माहितीये, माहितीये, बोलू नका). सबमिशनला नऊ दिवस आहेत.

विंडोज खरंच पुसलं गेलंय का?


मधलीसुट्टी, रात्री ११:५८

बॅकअप नाही हे वाचून पुढचं वाचवेना.


शॉर्टकट, रात्री १२:०३

विंडोजचा पेनड्राइव्ह बनव, रिपेअरमध्ये जाऊन बूटरेक फिक्सएमबीआर मार. नाही झालं तर सरळ फॉरमॅट. मी दरवेळी हेच करतो, अर्ध्या तासात मोकळा.


जुना_टर्मिनलवाला, रात्री १२:१०

धडपड्या, लॅपटॉप बंद कर आणि पाणी पी. फिक्सएमबीआर नको, फॉरमॅट तर नकोच. शॉर्टकटराव, ज्याचा डेटा आत आहे त्याला फॉरमॅट सुचवणं म्हणजे डोकं दुखतंय तर मान कापा म्हणण्यासारखं आहे. शिवाय त्याची डिस्क जीपीटी असणार, म्हणजे पार्टिशनची यादी नव्या पद्धतीने ठेवणारी. तिथे एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचा पहिला सेक्टर, दुरुस्त करून काय मिळणार?

माझा अंदाज आहे की विंडोज जिथल्या तिथे आहे, तू फक्त त्याचं दार बंद केलंयस. पण अंदाजावर काही करायचं नाही, आधी बघायचं. पेनड्राइव्हवरून मिंट परत सुरू कर (लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालवायचं, इन्स्टॉल नाही), टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघड आणि दोन गोष्टी सांग:

१) रूटमधल्या (सगळ्यात वरच्या फोल्डरमधल्या) 'सिस' फोल्डरमध्ये 'फर्मवेअर', त्याच्या आत 'ईएफआय' नावाचं फोल्डर दिसतं का?
२) सुडो पार्टेड उणे-एल या आदेशाचं उत्तर काय येतं?

(मी इथे आदेश देवनागरीत लिहितोय, तू अर्थात रोमनमध्ये टाइप कर. मागे एकाने खरंच 'सुडो' देवनागरीत टाइप करून चालत नाही म्हणून तक्रार केली होती.)

दोन्ही आदेश फक्त वाचतात, डिस्कवर काही लिहीत नाहीत. बेधडक चालव.


धडपड्या, रात्री १२:३४

काका, पाणी प्यायलो. मोबाइलवरून उतरवून लिहितोय.

१) फर्मवेअर फोल्डर आहे, त्यात 'ईएफआय' नावाचं काही नाही.

२) डिस्क ५१२ जीबी, पार्टिशन टेबल: जीपीटी.
क्रमांक १: १०५ एमबी, फॅट३२, ईएफआय सिस्टिम पार्टिशन
क्रमांक २: १६.८ एमबी, मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ड
क्रमांक ३: ४०४ जीबी, फाइल सिस्टिमचा रकाना रिकामा!!
क्रमांक ५: १०७ जीबी, ईएक्सटी४
क्रमांक ४: ६८१ एमबी, एनटीएफएस

तीन नंबर माझा सी ड्राइव्ह ना? तो रिकामा का? आणि ५ नंबर ४च्या आधी कसा? विंडोजमध्ये डिस्क ४७६ जीबीची दिसायची आणि मी १०० जीबी काढले होते, इथे ५१२ आणि १०७ कसे? काहीतरी भयंकर बिघडलंय.


कळफलक, रात्री १२:४१

आकड्यांचं आधी मिटवते. पार्टेड हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. ५१२ ते ४७६ आणि १०७ ते १०० हा सगळा त्याचाच फरक. एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नाही.

५ नंबरही ठीक आहे. पार्टिशनला क्रमांक जन्माच्या क्रमाने मिळतो आणि यादी जागेच्या क्रमाने छापली जाते. तू ३ आणि ४च्या मध्ये जागा मोकळी केलीस, तिथे पाचवं जन्मलं.

तीन नंबरसाठी एक आदेश अजून: एलएसबीएलके उणे-एफ. त्या ओळीत काय लिहिलंय सांग. मला वाटतंय तेच निघालं तर उत्तम.


धडपड्या, रात्री १२:४७

ताई, 'बिटलॉकर' असं लिहून येतंय. मी तर कधी बिटलॉकर चालू केलं नव्हतं!


कळफलक, रात्री १२:५२

मग वाटलं तेच आहे. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. सी ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे, पार्टेडला ते कुलूप ओळखता येत नाही म्हणून रकाना रिकामा. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होतं, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. ड्राइव्ह शाबूत आहे.

आता ते ४८ अंकी रिकव्हरी की प्रकरण लागणार. मोबाइलवरून तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत बिटलॉकरची की सापडेल. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ती कागदावर उतरव. स्क्रीनशॉट काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणारे महाभाग पाहिलेत, म्हणून बजावतेय.

की हातात आल्याशिवाय बायोसला हात लावू नकोस.


जुना_टर्मिनलवाला, रात्री १:०५

कळफलक यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता नेमकं काय झालं ते सांगतो, कारण हे न समजता दुरुस्त केलंस तर पुढच्या महिन्यात परत इथेच येशील.

मशीन सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी बायोस ऊर्फ लेगसी: फर्मवेअर (मदरबोर्डमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, उचलतो. त्यातले ४४६ बाइट्स बूट-कोडचे, ६४ पार्टिशन टेबलचे, उरलेले २ सहीचे. तो कोड चालवायचा, पुढचं तो बघेल. नवी यूईएफआय: फर्मवेअरला फॅट३२ फाइल सिस्टिम वाचता येते. तो ईएफआय सिस्टिम पार्टिशन उघडतो (तुझं ते १०५ एमबीचं) आणि त्यातली बूटलोडरची फाइल चालवतो. पहिल्या सेक्टरमधल्या बूट-कोडच्या वाटेलाच जात नाही.

तुझं विंडोज नव्या पद्धतीने बसलेलं आहे. विंडोज ११ला अधिकृतपणे यूईएफआयच लागतं, म्हणून तर मी न बघता जीपीटी म्हणालो. तू बायोसमध्ये लेगसी चालू केलंस. आता फर्मवेअर पहिल्या सेक्टरमध्ये बूट-कोड शोधतो. जीपीटी डिस्कवर त्या जागी नुसता 'ही डिस्क जीपीटी आहे, हात लावू नये' असा पाटीवजा एमबीआर असतो. म्हणून 'नो बूटेबल डिव्हाइस'. एकशेपाच एमबीत विंडोजचा बूटलोडर बसलाय, पण त्याला कोणी हाकच मारत नाही.

मिंटचं काय झालं? पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो, त्याच पद्धतीचा ग्रब तो डिस्कवर बसवू बघतो. तुझा लेगसीत सुरू झाला (ते ईएफआय फोल्डर नसणं हीच त्याची खूण), म्हणून त्याने लेगसीचा ग्रब बसवायला घेतला. एमबीआर डिस्कवर ग्रबचा मोठा तुकडा पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यातल्या सांदीत राहतो. जीपीटीत त्या सांदीत पार्टिशन टेबल स्वतःच पाय पसरून बसलेलं असतं. मग ग्रबसाठी एक एमबीचं वेगळं 'बायोस बूट' पार्टिशन द्यावं लागतं. ते तुझ्याकडे नाही. ग्रबने हात वर केले.

आणि खरं सांगू, बरं झालं. तो लेगसीत बसला असता तर तुला विंडोजसाठी एकदा आणि मिंटसाठी एकदा असं दरवेळी बायोसमध्ये जाऊन पद्धत बदलत बसावं लागलं असतं.

तो व्हिडिओ बहुतेक विंडोज ७च्या काळातल्या सवयींवर बेतलेला असणार. तेव्हा हा सल्ला चालून जायचा. इंटेलने तर २०१७मध्येच जाहीर केलं होतं की २०२०पर्यंत लेगसी काढून टाकणार.


रात्रपाळी, रात्री १:११

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). 'पार्टिशन टेबल पाय पसरून बसलेलं असतं' यासाठी दंडवत.


धडपड्या, रात्री १:४०

की मिळाली! जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलीने उतरवली, दोनदा ताडून पाहिली.

मग बायोसमध्ये जाऊन बूट मोड 'यूईएफआय ओन्ली' केला. रीस्टार्ट. आणि निळी स्क्रीन आली, बिटलॉकर रिकव्हरी, की टाका म्हणतेय. टाकू का? थांबलोय. कशालाही हात लावलेला नाही.


कळफलक, रात्री १:४४

शाब्बास, थांबलास ते. ही निळी स्क्रीन म्हणजे आनंदाची बातमी आहे, विंडोजचा बूटलोडर बोलतोय.

सिक्युअर बूट अजून बंदच असेल ना? बिटलॉकरची किल्ली टीपीएम या लॅपटॉपमधल्या सुरक्षा-चिपमध्ये असते. मशीन नेहमीच्याच थाटात सुरू झालंय अशी खात्री पटली तरच चिप ती सोडते. सिक्युअर बूट बंद दिसलं की तिला संशय येतो. की टाकूनही आत जाता येईल, पण आधी सिक्युअर बूट होतं तसं चालू करून बघ. बहुतेक काही विचारणारच नाही.

तत्पूर्वी स्क्रीनवर 'की आयडी' दिसतोय, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या आयडीशी जुळतात का पाहा. एकाच खात्यात जुन्या मशीनच्या कीसुद्धा पडलेल्या असतात.


धडपड्या, रात्री १:५६

आठही अक्षरं जुळली. सिक्युअर बूट चालू केलं. विंडोज उघडलं!!! काही न विचारता!! डेस्कटॉपवर प्रोजेक्टचं फोल्डर दिसतंय. डोळ्यांत पाणी आलं हो.

आत्ता या क्षणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी चालू आहे. २१ मिनिटं दाखवतोय.


मधलीसुट्टी, रात्री १:५८

आता पुढचं वाचवेल. अभिनंदन!


शॉर्टकट, सकाळी ८:२०

फॉरमॅटचा सल्ला मागे घेतो. माझ्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे का बघायला गेलो, आहे! गेली दोन वर्षं मला माहीत नव्हतं.


तिसरा_डोळा, सकाळी ९:०५

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो. विंडोज मात्र छान चालतंय.


जुना_टर्मिनलवाला, सकाळी ९:३०

खरं तर वेगळा धागा काढायला हवा, पण थोडक्यात सांगतो. बायोसमध्ये स्टोरेज (डिस्क हाताळायची पद्धत) 'आरएसटी' किंवा 'रेड' मोडवर असणार, म्हणून इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. तो एएचसीआय या साध्या मोडवर न्यायचा असतो. पण तसाच नेलास तर विंडोज निळं पडेल, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उठवायच्या यादीत ठेवलेला नसतो. क्रम असा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ मोडची खूण कर, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय कर, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू दे (ड्रायव्हर तेव्हा जागा होतो), मग खूण काढ. आणि वरचं ४८ अंकी पुराण वाचलंस ना? आधी ते. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं धरून चालू नकोस, खात्याचा पासवर्ड पाठ असू दे.


धडपड्या, सकाळी १०:१५

काका, ताई, कॉपी झाली, दोन ठिकाणी ठेवली. आता मिंट कसं जिवंत करू? ५ नंबरच्या पार्टिशनवर ते अर्धवट पडलंय. एका ठिकाणी 'सीएचरूट' करून (म्हणजे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) ग्रब बसवायची कृती वाचली.


जुना_टर्मिनलवाला, सकाळी १०:४०

कर की. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू कर, ५ नंबर 'एमएनटी' फोल्डरवर माउंट कर (जोड), १ नंबर त्याच्या आतल्या बूट/ईएफआयवर माउंट कर, मग डेव्ह, प्रॉक, सिस हे बाइंड कर, सीएचरूट मार, ग्रबचं सही केलेलं ईएफआय पॅकेज आणि शिम (सिक्युअर बूटला चालणारा मधला दुवा) टाक, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. शेवटी एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या फाइलीत) ईएफआय पार्टिशनची ओळ हाताने घालायची. एकदा हे केलंस की ग्रबची भीती कायमची जाईल.


कळफलक, सकाळी १०:५२

टर्मिनलवाले काका, आदर आहेच, पण असहमत. ते इन्स्टॉलेशन शेवटच्या पायरीवर मेलंय. त्यात याची एकही फाइल नाही. मुडद्यावर शस्त्रक्रिया कशाला? सरळ त्याच पार्टिशनवर नव्याने इन्स्टॉल करावं, चहा होईपर्यंत आटोपतं. सीएचरूट शिकायचं तर सबमिशननंतर शिकेल.


जुना_टर्मिनलवाला, सकाळी ११:००

नऊ दिवस विसरलोच होतो. माघार.


कळफलक, सकाळी ११:१८

तर धडपड्या, हे कर. विंडोजमध्ये असतानाच फास्ट स्टार्टअप बंद कर आणि मशीन पूर्ण शटडाउन कर. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते, आणि डिस्क विंडोजच्या ताब्यातच राहते.

बूट मेन्यू उघडलास की लेगसी बंद असल्यामुळे पेनड्राइव्ह आता एकदाच दिसेल, नावाआधी 'यूईएफआय' असेल. (लेगसी चालू असताना एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो आणि लोक हटकून चुकीचा निवडतात.) सिक्युअर बूट राहू दे, मिंटला ते चालतं. लाइव्ह सुरू झाल्यावर ते ईएफआय फोल्डर आता आहे ना, एवढं तपास. नसेल तर तिथेच थांब.

इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनं स्वतः निवडायचा पर्याय घे. ५ नंबर: ईएक्सटी४, फॉरमॅटची खूण कर, माउंट पॉइंट रूट. १ नंबर: 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' म्हणून वापर, फॉरमॅटची खूण नको. तिथे विंडोजचा बूटलोडर राहतो. बाकी २, ३, ४कडे बघूही नकोस. इन्स्टॉल दाबण्याआधी एक यादी येते, काय काय फॉरमॅट होणार याची. त्यात फक्त ५ नंबर असला पाहिजे.


धडपड्या, दुपारी १:०२

या वेळी ईएफआय फोल्डर होतं. यादीत फक्त ५ नंबर होता, तीनदा वाचली. इन्स्टॉल विनातक्रार झालं.

पण रीस्टार्ट केल्यावर सरळ विंडोज उघडलं. ग्रबचा मेन्यूच नाही. बायोसच्या बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि त्याखाली 'उबंटू' दिसतंय. मी तर मिंट टाकलं! चुकीची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवली की काय?


रात्रपाळी, दुपारी १:१०

हाहा, हा प्रश्न मीही विचारला होता. मिंट उबंटूच्या पायावर उभं आहे, ईएफआय पार्टिशनमध्ये त्याचं फोल्डर आणि बूट नोंद 'उबंटू' याच नावाने होते. तेच तुझं मिंट. यादीत वर सरकव.


धडपड्या, दुपारी १:२५

सरकवलं. ग्रब आला! मिंट चालू झालं! वायफायसुद्धा आपोआप!

मग हौसेने ग्रबमधून विंडोज निवडलं, तर परत ती निळी बिटलॉकर स्क्रीन. की टाकून आत गेलो, चाललं. पण हे दरवेळी?


कळफलक, दुपारी १:४०

बिटलॉकर चालू असलं की ग्रबमधून विंडोजला जाण्यात ही खोच आहे. चिपच्या लेखी विंडोजच्या आधी कोणी तरी तिसराच येऊन गेला, म्हणून ती किल्ली रोखते. विंडोज हवं तेव्हा ग्रबमधून जाऊ नकोस. मशीन सुरू होताना बूट मेन्यूचं बटण दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवड. बिटलॉकर काढून टाकणं हाही मार्ग आहे, पण लॅपटॉप घेऊन फिरतोस, मी नाही काढणार.


जुना_टर्मिनलवाला, दुपारी २:०५

+१. आणि कधी कोणाला ग्रबमध्ये विंडोजची ओळच दिसली नाही, तर ते गेलं असं समजू नका. ग्रब २.०६पासून (२०२१) दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. लिनक्सची काही वितरणं (आवृत्त्या) तो स्वतःहून चालू करून देतात, काही नाही. डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रबच्या फाइलीत 'डिसेबल ओएस प्रोबर'पुढे फॉल्स लिहून अपडेट-ग्रब चालवायचं.


धडपड्या, संध्याकाळी ७:३०

बूट मेन्यूमधून विंडोज उघडलं, काही विचारलं नाही. पण आता विंडोजचं घड्याळ काही तास चुकतंय. बरोबर केलं की मिंटमध्ये जाऊन आल्यावर पुन्हा तेच.


रात्रपाळी, संध्याकाळी ७:४४

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज ती स्थानिक वेळ समजून वाचतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ असा आदेश दे. शुद्धतावादी लोक उलट विंडोजची रजिस्ट्री (आतल्या सेटिंगची नोंदवही) बदलायला सांगतील, ते तत्त्वतः जास्त बरोबर आहे, पण तू रजिस्ट्रीत शिरावंस असं आज तरी मला वाटत नाही.


धडपड्या, रात्री ८:०१

घड्याळ जुळलं. शीर्षकात 'सुटलं' लिहिलं. सगळ्यांचे मनापासून आभार, कळफलकताई आणि टर्मिनलवाले काका, तुमचे विशेष.


तिसरा_डोळा, चार दिवसांनी

एएचसीआय केलं, डिस्क दिसली. सेफ मोडने खरंच पिन घेतला नाही, पासवर्ड मागितला. पाठ होता म्हणून वाचलो.


धडपड्या, बारा दिवसांनी

सबमिशन झालं. काका, सीएचरूट शिकायचंय. जुन्या डेस्कटॉपवर मुद्दाम ग्रब उडवला आहे, डेटा काही नाही त्यात.


जुना_टर्मिनलवाला, बारा दिवसांनी

नवा धागा काढ. आणि शीर्षक नुसतं 'मदत हवी' असं देऊ नकोस.